वीट कोण? लातूरच्या स्नेहसंमेलनात अडलेल्या एका रॉक गाण्याचं प्रकरण

प्रकरण असं. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात स्नेहसंमेलनासाठी पाच विद्यार्थ्यांच्या बँडनं एक इंग्रजी गाणं दिलं. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २’. निवड समितीत ते अडलं. गाण्याची पहिलीच ओळ म्हणते की आम्हाला शिक्षण नको. उपप्राचार्यांनी लेखी शेरा मारला, ‘पोरं शिकायला येतात म्हणून हे गाव चालतं. संस्थेच्या स्टेजवरून शिक्षण नको असं म्हणू देता येणार नाही.’

मुलांनीही लेखीच उत्तर दिलं, आणि त्यात माघार नव्हती. हे गाणं आमचंच आहे, शिक्षणव्यवस्थेनं विद्यार्थ्याची वीट केली आहे, वीट भट्टीतून काढावी तशी आम्हाला साच्यातून काढतात, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी तिथं इंग्रजी शिकवते. समितीनं दोन्ही कागद माझ्याकडं पाठवले आणि गाण्याच्या अर्थावर अभिप्राय मागितला. कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा एक गोष्ट लगेच दिसली. अर्थाबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं. गाणं शिक्षणाच्या विरोधात आहे हे दोघांनीही धरूनच चालवलं होतं. भांडण फक्त परवानगीचं होतं. म्हणजे ज्यावर बोलायला हवं होतं त्यावर कुणी बोललंच नव्हतं.

गावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय दोन्ही बाजूंचा पीळ कळणार नाही. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला तो दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीमुळं. आता त्याची जागा नीट आणि जेईईनं घेतली आहे. नांदेड, बीड, धाराशिव, परभणीच्या खेड्यांतून पोरं येतात, ट्यूशन एरियात खोली करतात, मेसचा डबा लावतात, रात्री अभ्यासिकेत बसतात. टेस्टच्या मार्कांवर बॅच बदलते. वरच्या बॅचमधून खाली आलेलं पोर घरी फोनवर ते सांगत नाही. घरच्यांनी शेत गहाण टाकलेलं असतं किंवा विकलेलं. अशा गावात ‘शिक्षण नको’ ही ओळ उपप्राचार्यांच्या जिव्हारी लागणार, आणि त्याच गावात ती ओळ सतरा वर्षांच्या पोरांच्या काळजात घुसणार. दोघांचंही मला पटत होतं. अर्थ मात्र पटत नव्हता.

गाणं कुठून आलं

‘द वॉल’ हा अल्बम ३० नोव्हेंबर १९७९ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला. दोन तबकड्या, २६ गाणी, आणि सगळी मिळून एकच कथा. पिंक नावाच्या रॉक गायकाची. आयुष्यात बसलेल्या एकेका घावाची वीट करून तो स्वतःभोवती भिंत बांधत जातो. पहिली तबकडी संपते तेव्हा भिंत पुरी झालेली असते आणि तो आत एकटा असतो. दुसऱ्या तबकडीत तो आतल्या आत सडत जातो. शेवटाकडं एक खटला उभा राहतो. शाळामास्तर, बायको आणि आई साक्षीला येतात, आणि न्यायाधीश भिंत पाडायचा हुकूम देतो.

बहुतेक गाणी आणि ही सगळी कल्पना बँडमधल्या रॉजर वॉटर्सची. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओ इथं फेब्रुवारी १९४४ मध्ये मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. बाप न बघितलेला मुलगा अल्बमभर दिसत राहतो.

मुलांनी निवडलेला भाग २ हा या २६ गाण्यांमधला एक तुकडा. एकटा तुकडा म्हणून तो जगभर गाजला. १९७९ च्या नाताळात इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तो पहिला होता, पुढच्या वर्षी अमेरिकेतही पहिला आला. लोकप्रियतेमुळं त्याचं जे झालं तेच आमच्याकडं झालं होतं. बँडमधल्या पाचांपैकी एकानंही सबंध अल्बम ऐकलेला नव्हता. भाग २ आहे म्हटल्यावर भाग १ कुठंतरी असणार, भाग ३ ही असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. उपप्राचार्यांनी तर पहिल्या ओळीपुढं वाचलंच नव्हतं.

म्हणून अभिप्राय लिहायच्या आधी मी सगळ्यांना एकत्र बसवून ऐकायचं ठरवलं. सांस्कृतिक विभागाच्या खोलीत लॅपटॉप आणि एक बरा स्पीकर होता. बँडची पाच मुलं, उपप्राचार्य, मी आणि मराठीचे सर. मराठीच्या सरांना मी मुद्दाम बोलावलं. ते सुट्टीच्या दिवशी कीर्तन करतात, त्यांच्या गावात त्यांना महाराजच म्हणतात. रॉक त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. पण अर्थ काढणं हे त्यांचं रोजचं काम आहे, आणि या खोलीत तीच कमतरता होती.

तात्पर्याच्या सहा खुणा

सरांनी सुरुवातीलाच विचारलं, “मॅडम, हे सुरू कुठून होतं आणि संपतं कुठं?”

कीर्तनकाराचा प्रश्न होता. ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, सहा खुणा सांगितल्या आहेत आणि निरूपण करणारा माणूस त्या कळत-नकळत वापरतोच. उपक्रम आणि उपसंहार म्हणजे आरंभ आणि शेवट मिळून एक खूण. मग अभ्यास, म्हणजे काय पुन्हा पुन्हा येतं. अपूर्वता, म्हणजे दुसरीकडं न सापडणारं इथं काय सांगितलंय. फळ, म्हणजे शेवटी हाती काय लागतं. अर्थवाद, म्हणजे स्तुती किंवा निंदा करणारी वाक्यं. आणि उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद नि आधार. एखादं वाक्य सुटं उचलून ‘ग्रंथ असं म्हणतो’ असं सांगता येऊ नये, म्हणून ही चौकट आहे. रॉक गाण्याला ती लावायला काहीच हरकत नव्हती, आणि ती लागलीही.

आरंभ आणि शेवट या अल्बमात विलक्षण आहेत. अल्बमच्या अगदी शेवटी एक माणूस हळू आवाजात वाक्य सुरू करतो आणि ते मध्येच तुटतं. वाक्याचा उरलेला अर्धा भाग अल्बमच्या अगदी सुरुवातीला आहे. दोन तुकडे जोडले की होतं, आपण आत आलो ती जागा हीच ना? शेवट परत आरंभाला जोडलेला आहे. भिंत पाडली तरी पुन्हा बांधली जाईल, एवढं तरी त्यातून ठामपणे म्हणता येतं. सरांनी हे दोन्ही तुकडे परत परत लावायला सांगितले. गिटार वाजवणारा मुलगा म्हणाला, “सर, एवढं बारीक तर आम्ही ऐकलंच न्हाई.”

खरा निकाल लागला तो अभ्यासाच्या खुणेवर. वीट आणि भिंतीची ओळ अल्बममध्ये तीन ठिकाणी येते, तीन भागांत, आणि तिन्ही ठिकाणी ती थोडी वेगळी आहे. मी तिन्ही फळ्यावर लिहिल्या.

भाग १ मध्ये बाप गेला आहे. समुद्रापार गेला आणि मागं राहिला तो घरच्या अल्बममधला एक फोटो. मुलगा विचारतो, बाबा, माझ्यासाठी दुसरं काय ठेवलंत? आणि मग ओळ येते की ती भिंतीतली एक वीटच होती. इथं कर्ता आहे ‘इट’. ती घटना, ते नसणं, ही वीट.

भाग २ मध्ये शाळा आहे. ओळ आधी ‘इट’ घेऊन येते आणि लगेच बदलून ‘यू’ घेऊन येते. तू, तुम्ही, फक्त आणखी एक वीट आहात.

भाग ३ मध्ये पिंक मोठा झालाय, लग्न मोडलंय, त्याला आता कुणीच नको आहे. तिथं तो सगळ्यांना उद्देशून म्हणतो की तुम्ही सगळे नुसत्या विटाच होतात.

आता भाग २ मधलं ‘यू’ म्हणजे कोण? गाणं मुलांच्या तोंडी आहे. मुलं स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात. त्या ओळीच्या लगेच आधी त्यांनी मास्तरला हाक मारलेली आहे, मुलांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्या म्हणून. ‘यू’ ज्याला लागतं तो मास्तर. भाग १ मध्ये बाप ही वीट, भाग ३ मध्ये सगळी माणसं विटा, मग मधल्या भागात विद्यार्थी वीट कसा होईल? वीट मास्तर आहे. मुलाच्या मनाभोवतीच्या भिंतीत त्या मास्तरनं आपली एक वीट बसवली आहे.

बँडचं लेखी म्हणणं इथं पडलं. व्यवस्था पोरांना साच्यात घालून विटा करते, हा अर्थ जगभर लोकप्रिय आहे आणि तो आला कुठून हेही सांगता येतं. १९८२ मध्ये ॲलन पार्करनं या अल्बमवर चित्रपट केला. त्यात मुखवटे घातलेली, एकसारखी दिसणारी मुलं ओळीनं चालत जाऊन खिमा करण्याच्या यंत्रात पडतात. ते दृश्य इतकं जबरदस्त आहे की लोक आता गाणं डोळ्यांनी ऐकतात. पण ते चित्रपटाचं म्हणणं झालं. तीन वर्षं आधीच्या गाण्याचे शब्द दुसरीकडं बोट दाखवतात.

उपप्राचार्य इतका वेळ गप्प होते. फळ्याकडं बघत म्हणाले, “म्हणजे पोरगं वीट न्हाई. आम्ही वीट.”

मी म्हटलं, “सगळे नाही सर. पुढचं गाणं ऐका.”

काही शिक्षक

पुढचं म्हटलं खरं, पण अल्बममध्ये ते भाग २ च्या लगेच आधी येतं आणि त्याचा सूर तुटतो न तुटतो तोच भाग २ सुरू होतो. हेलिकॉप्टरचा आवाज, मास्तरची दरडावणी, मग काही ओळी. मजकूर असा की शाळेत ‘काही’ शिक्षक होते जे मुलांना सापडेल त्या मार्गानं दुखवायचे, मुलांनी काहीही केलं की त्यावर टिंगल ओतायचे, आणि मुलांनी जपून लपवलेला दुबळेपणा वर्गासमोर उघडा पाडायचे.

‘काही’ हा शब्द तिथं आहे. गाणं सगळ्या शिक्षकांबद्दल बोलत नाही, आणि ज्यांच्याबद्दल बोलतं त्यांचा गुन्हाही नेमका सांगतं. शिकवणं हा तो गुन्हा नाही, टिंगल करणं हा आहे. भाग २ मध्येही वर्गातल्या विखारी टोमण्यांवर एक सबंध ओळ खर्ची पडली आहे, आणि गाणं विरत जातं तेव्हा मागून मास्तर ओरडत असतो, चूक, पुन्हा कर! शिक्षण नको या ओळीमागं कुठलं शिक्षण उभं आहे, हे गाणं स्वतःच असं दाखवतं.

यापुढची ओळ मात्र अडचणीची आहे. तिच्यात सांगितलंय की हेच मास्तर रात्री घरी गेले की त्यांच्या लठ्ठ, माथेफिरू बायका त्यांना बडवून काढतात, आणि हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मास्तरही कुणाचा तरी मार खातो आणि तोच मार खाली पोरांवर काढतो, ही त्यातली खरी गोष्ट. अल्बममध्ये तिला वजन आहे.

बँडमध्ये गाणारी एकच मुलगी होती. ती म्हणाली, “मॅडम, हे मी म्हणणार नाही. पोरांना सरांनी छळलं, सरांना बायकोनं छळलं, म्हंजे शेवटी नाव बाईचंच.”

पोरांनी तिला समजवायचा प्रयत्न केला, रूपक आहे, तसं नसतं वगैरे. ती बधली नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं. हा अल्बम वाचताना ही गोष्ट टाळून पुढं जाता येत नाही. शेवटच्या खटल्यातसुद्धा तीन साक्षीदारांपैकी दोन बायका आहेत. आई गुदमरवणारी, बायको सोडून जाणारी. युद्ध ज्यांनी केलं, पाच महिन्यांच्या पोराचा बाप ज्यांनी मरायला पाठवला, ते साक्षीला येत नाहीत. भिंतीतल्या विटा कुणाच्या नावावर लागल्या यात पिंकची नजर दिसते, आणि ती नजर आंधळी आहे. अर्थ काढणं म्हणजे गाण्याची वकिली करणं नव्हे. मी हा मुद्दा अभिप्रायात तिच्याच शब्दांत घातला.

बोलतं कोण

उपप्राचार्यांचा मूळ आक्षेप अजून उभाच होता. ते म्हणाले, “अल्बम कितीबी मोठा असू द्या मॅडम. स्टेजवर पोरगं उभं राहून म्हणणार, शिक्षण नको. खाली पालक बसलेले असणार. त्यांना तुमचा भाग एक, भाग तीन ठाऊक हाय का?”

याला उत्तर मराठीच्या सरांनी दिलं, आणि ते माझ्याकडून आलं नसतं. ते म्हणाले, “साहेब, पैठणच्या नाथांचं रोडग्याचं भारूड आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सून भवानीआईला नवस करती. सासू, सासरा, नणंद, एकेकाला उचल म्हणती. शेवटी म्हणती मला एकलीलाच राहू दे. गावोगाव बायाबापड्या ते ऐकून डोलतात. सुनेनं सासूला मारावं असं नाथ सांगतात, असं म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. मांडवात कुणाला भाग एक ठाऊक असतो?”

भारुडात नाथ सोंग घेऊन बोलतात. जोगी होतात, सून होतात, विंचू चावलेला माणूस होतात. ऐकणाऱ्याला माहीत असतं की बोलणारा वेगळा, बोलवणारा वेगळा. सासू-सासरे ही अंतरंगातली नाती आहेत आणि ती सुटल्यावर जे एकलेपण उरतं ते परमार्थाचं. हे सगळं प्रत्येकाला उलगडून सांगता येणार नाही, पण सोंग हे सोंग आहे इतकं मराठवाड्यातल्या शेवटच्या माणसाला कळतं. पिंक हे वॉटर्सनं घेतलेलं सोंग आहे. भाग २ तर सोंगातलं सोंग आहे, कारण तिथं पिंकही बाजूला होतो आणि वर्गातली पोरं गातात.

सरांनी याला अर्थवादाची खूण जोडली. मीमांसेत एक न्याय आहे, निंदा ही ज्याची निंदा केली त्याला पाडण्यासाठी नसते, दुसरं काही उचलून धरण्यासाठी असते. शिक्षण नको ही निंदा आहे. ती कशाला उचलून धरते? वर्गात ज्याचं हसं झालं त्या पोराच्या अब्रूला. असं वाचलं की पहिली ओळ आणि ‘काही शिक्षक’ यांत विरोध उरत नाही.

उपप्राचार्य यावर “बघू” एवढंच म्हणाले. पण लेखी शेरा त्यांनी त्या दिवशी मागून घेतला.

अर्थ आणि विनियोग

एक गोष्ट मुलांना सांगणं गरजेचं होतं, कारण त्यांचा अर्थ पडल्यामुळं ती हिरमुसली होती. गाण्याचा अर्थ एक असतो आणि त्याचा विनियोग दुसरा असू शकतो. मंत्राचा अर्थ काय आणि तो कुठल्या कर्मात लावायचा, हे आपल्याकडं फार पूर्वीपासून वेगळं धरलं आहे.

या गाण्याचा सगळ्यात मोठा विनियोग दक्षिण आफ्रिकेत झाला. वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या मुलांसाठी मुद्दाम निकृष्ट शिक्षण ठेवलेलं होतं. १९८० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला आणि हे गाणं घोषणेसारखं वापरलं. सरकारनं त्याच वर्षी मे महिन्यात त्यावर बंदी घातली. वॉटर्सनं गाणं लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर केंब्रिजमधली त्याची स्वतःची शाळा होती, केपटाऊनची नव्हे. तरी त्या पोरांनी गाणं चुकीचं वापरलं असं कोण म्हणेल? वर्गात अपमान होणं हे दोन्हीकडं सारखंच होतं, आणि आफ्रिकेत तर तो कायद्यानं होत होता.

लातूरच्या पोरांचा विनियोगही याच न्यायानं मान्य करता येतो, एका अटीवर. आपण काय करतोय हे त्यांना माहीत हवं. ‘गाणं आमच्याबद्दल आहे’ आणि ‘हे गाणं आम्ही आमच्यासाठी घेतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं खरं आहे आणि त्याला धैर्यही जास्त लागतं, कारण त्यात जबाबदारी गाण्यावर ढकलता येत नाही. ड्रम वाजवणारा मुलगा रिपीटर होता. तो म्हणाला, मार्क वाचून दाखवताना सर माझ्या नावाला थांबतात आणि मग वर्ग हसतो, माझी वीट ती. साच्याची नि भट्टीची भाषा त्याला आता लागली नाही. जे गाण्यात आहे तेच त्यानं सांगितलं, आपल्या वर्गातलं.

गंमत वाटावी अशी एक गोष्ट समितीलाही सांगितली. आमचं प्रकरण जगात पहिलं नव्हतं. भाग २ मधले मुलांचे आवाज लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या २३ मुलांचे आहेत. संगीत शिक्षकानं त्यांना जवळच्या स्टुडिओत नेलं, आवाजांवर आवाज चढवून मोठा कोरस केला गेला. मुख्याध्यापिकेला शब्द समजल्यावर त्या नाराज झाल्या आणि मुलांना टीव्हीवर दिसू द्यायला त्यांनी मनाई केली. म्हणजे हे गाणं जन्मलं त्याच आठवड्यांत एका शाळेनं त्याचा अर्थ ‘शिक्षण नको’ असा घेतलेला होता. आणि गाणं तर एका शिक्षकानंच मुलांकडून बसवून घेतलं होतं.

उपपत्तीची खूण आम्ही शेवटी ठेवली, म्हणजे गीतकार स्वतः काय म्हणतो ते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आजकाल गाण्याचा अर्थ म्हणजे गीतकाराची मुलाखत, असं झालंय. वॉटर्सनं नंतर सांगितलंय की आपला विरोध शिक्षणाला नव्हता, विशिष्ट प्रकारच्या शिक्षणाला होता. भिंतीची कल्पना कुठून आली तेही ठाऊक आहे. जुलै १९७७ मध्ये माँट्रिअलच्या स्टेडियममधल्या कार्यक्रमात तो एका प्रेक्षकावर थुंकला, आणि आपल्यात नि समोरच्या लोकांत भिंत उभी राहिली आहे हे त्याला जाणवलं. हे सगळं आमच्या वाचनाला बळ देतं. पण ते आधी ऐकलं असतं तर तीन भाग कुणी शेजारी शेजारी मांडलेच नसते.

किल्लारीची भिंत

इथवर आल्यावर मला वाटलं काम झालं. पण मुलांचा कार्यक्रमाचा आराखडा समोर आला. १९८०-८१ च्या दौऱ्यात पिंक फ्लॉइड कार्यक्रम चालू असतानाच स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटांची प्रचंड भिंत बांधत आणि शेवटी ती कोसळवत. आमच्या मुलांनी ट्यूशन एरियातल्या पुस्तकांच्या दुकानांतून रिकामे खोके जमवले होते, पांढरा रंग दिला होता, आणि गाणं संपताना ती भिंत धाडकन प्रेक्षकांच्या बाजूला पाडायची होती.

उपप्राचार्य म्हणाले, “गाणं म्हणा. भिंत पाडू नका.”

ते औसा तालुक्यातले, किल्लारीच्या शेजारच्या गावचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. त्या भागातली घरं दगडमातीची. दोन-दोन हात रुंद भिंती, घडवलेल्या नव्हे तर ओबडधोबड दगडांच्या, मातीत बसवलेल्या. वर लाकडी खणांचं माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं टाकलेला मातीचा थर. भिंत दोन पदरांची असायची, बाहेरचा पदर आणि आतला, आणि दोन्हींना आरपार धरणारा दगड बहुतेक ठिकाणी नसायचा. हादरा बसला तसे पदर सुटले, भिंती फुटल्या, माळवद खाली आलं. झोपेत हजारो माणसं गेली. कितीतरी जण हादऱ्यानं मेले नाहीत, घरानं मेले.

“आमच्या वडिलांना त्या भिंतीचा अभिमान होता,” उपप्राचार्य म्हणाले. “उन्हाळ्यात गार, चोराची भीती न्हाई. तुमचा तो गाणारा भिंत पडली की मोकळा होतो. आमच्याकडं भिंत पडली की माणूस आत राहिला.”

यावर कुणाकडं पटकन उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. अल्बमच्या रूपकातला अर्धा भाग त्यांच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. संरक्षणासाठी बांधलेली भिंतच आतल्या माणसाला मारते, पिंकचं तेच होतं. पण दुसरा अर्धा भाग जुळत नाही. भिंत कोसळणं म्हणजे सुटका, हे चित्र युरोपला आपोआप पटतं. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली आणि जुलै १९९० मध्ये वॉटर्सनं तिच्याच जागी हा सगळा अल्बम सादर केला तेव्हा तर ते चित्र पक्कंच झालं. लातूर जिल्ह्यात ते चित्र चालत नाही. रूपक ऐकणाऱ्याच्या मुलखात आल्यावर त्याची एक बाजू निकामी होऊ शकते, आणि तसं झालं की ते सांगायला हवं. ऐकणाऱ्याची समज कमी पडली असं त्याला म्हणता येत नाही.

मराठीच्या सरांनी फळाच्या खुणेकडं बोट दाखवलं. अल्बममध्ये भिंत आपोआप पडत नाही, हुकमानं पाडली जाते, आणि शिक्षा म्हणून. पिंकला सगळ्यांसमोर उघडं पाडणं ही त्याची शिक्षा आहे. म्हणजे खुद्द अल्बमलाही पडणं ही निखळ सुटका वाटत नाही. त्यानंतरचं शेवटचं छोटं गाणं भिंतीबाहेर ताटकळलेल्या माणसांचं आहे, जे तुमच्यावर जीव लावून असतात आणि थकूनही जातात. चित्रपटाच्या शेवटी काही लहान मुलं पडलेल्या भिंतीच्या विटा गोळा करताना दिसतात.

यातूनच तोडगा निघाला, आणि तो गाणाऱ्या मुलीनं काढला. भिंत पाडायची नाही, उतरवायची. खोके हातानं एकेक काढायचे, वरून खाली.

अभिप्राय आणि पुढं

मी दिलेला अभिप्राय दोन पानांचा होता. गाणं शिक्षणाविरुद्ध नाही, वर्गातल्या अपमानाविरुद्ध आहे. भाग २ एकटा सादर करू नये, आधी भाग १ म्हणावा, म्हणजे वीट काय ते ऐकणाऱ्याला कळेल. मधलं, ‘काही शिक्षकां’चं गाणं शब्दांशिवाय फक्त वाजवावं. आणि सुरुवातीला मराठीतून दोन मिनिटांचं निरूपण असावं. समितीनं ते जसंच्या तसं मान्य केलं. निरूपण ड्रम वाजवणाऱ्या मुलानं केलं, मार्कांचा प्रसंग त्यात होता, नाव कुणाचंच नव्हतं. पालकांकडून तक्रार आली नाही. विज्ञान शाखेच्या दोन शिक्षकांना ते झोंबलं आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणंही मी फाइलला लावलं.

फाइलमध्ये गिटार वाजवणाऱ्या मुलाची एक टिपणही आहे, कारण त्याला माझा निकाल शेवटपर्यंत पटला नाही. त्याचा मुद्दा असा. भाग २ मध्ये ते कडवं दोनदा होतं, एकदा मोठ्यांच्या आवाजात आणि एकदा मुलांच्या. मुलं जेव्हा ‘यू’ म्हणतात तेव्हा तो मास्तर असेल. पण मोठा माणूस आधी तेच म्हणून गेलाय, आणि तो मोठा माणूस आता वर्गात नाही. तो आठवतोय. मग त्याचं ‘यू’ लहानपणच्या स्वतःलाच का असू नये? याला मी उत्तर दिलं की मास्तरला मारलेली हाक दोन्ही वेळा लगेच आधी आहे, आणि भाग ३ मध्ये तोच मोठा माणूस इतरांना विटा म्हणतो, स्वतःला कधीच म्हणत नाही. त्यानं परत लिहिलं की भाग ३ पर्यंत तो खोटं बोलायला शिकला असेल. त्याची टिपण मी उत्तरासकट अभिप्रायाच्या मागं जोडून ठेवली आहे.